आवारातल्या धुराचा जमाखर्च



कोणत्याही शिक्षणसंस्थेच्या कचेरीत गेलात, तर कपाटात वह्यांची चळत दिसते. रोजकीर्द, खतावणी, जडवस्तूंची नोंदवही, धान्यकोठीची नोंदवही. किती बाकांचे पाय मोडले, किती शेर डाळ किडली, खडूच्या किती पेट्या आल्या आणि किती संपल्या, सगळे त्यांत सापडते. हिशेबतपासनीस येतो तेव्हा एका स्टुलाचा मेळ लागेना म्हणून मुख्याध्यापकांची रात्रीची झोप उडते. परंतु त्याच आवारातून वर्षाकाठी किती धूर आकाशात गेला, याची वही मात्र त्या कपाटात नसते. ती कशी घालावी आणि घातल्यावर तिचा उपयोग काय करावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

धूर म्हणजे डोळ्यांना झोंबणारा काळा धूर नव्हे. मला अभिप्रेत आहे तो कार्बन डायऑक्साइड, जुन्या पुस्तकांतला कर्बाम्ल वायू. त्याला रंग नाही, वास नाही. पण सूर्याची उष्णता खाली येऊ द्यायची आणि जमिनीची उष्णता वर जाताना अडवून धरायची, हा त्याचा गुण आहे. जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने १८५९ साली प्रयोगशाळेत तो दाखवून दिला. कोळसा जाळून हवेतला हा वायू वाढवला तर पृथ्वी किती तापेल, याचे गणित स्वीडनच्या अऱ्हेनियसने १८९६ साली मांडले. हवाई बेटावरील मौना लोआ या डोंगरावर १९५८ सालापासून त्याची रोजची मोजणी चालू आहे. त्या वर्षी हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे ३१५ भाग होते. आता ते ४२० च्या वर गेले आहेत.

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, आमच्या दोन खोल्यांच्या शाळेत चार पंखे आहेत, त्यांतले दोन बंद. आम्ही कसला वायू कमी करायचा?" हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याला बगल देऊन पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. भारतात माणशी वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. अमेरिकेत सुमारे १४ टन. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत तर वीजबिल थकले म्हणून जोडणी तोडल्याच्या बातम्या वारंवार येत आल्या आहेत. अशा शाळेला वीज कमी वापरा म्हणणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचे महत्त्व सांगणे होय. तिला वीज जास्त हवी आहे, कमी नव्हे. परंतु निवासी शाळा, मोठी महाविद्यालये, वसतिगृहे, रुग्णालये, बाजार समित्या यांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे भटारखाना आहे, पंप आहे, जनरेटर आहे, बस आहे. आणि त्यांच्या बाबतीत धुराचा हिशेब आणि पैशाचा हिशेब बहुतेक ठिकाणी एकाच बाजूला झुकतो. भारताने २०२१ च्या नोव्हेंबरात ग्लासगोच्या परिषदेत २०७० पर्यंत निव्वळ शून्यावर येण्याचे जाहीर केले, ते दिल्लीपुरते राहिले तर व्हायचे नाही. ते शेवटी अशाच आवारांच्या मीटरवर येऊन ठेपणार आहे.

तर वही घालायची कशी? सगळ्यात आधी कुंपण ठरवावे लागते, म्हणजे कोणता धूर आपल्या नावावर मांडायचा आणि कोणता नाही. याची जगभर रूढ झालेली पद्धत २००१ साली प्रसिद्ध झाली. तीत तीन वर्तुळे आहेत. पहिल्या वर्तुळात आपल्या आवारात आपण स्वतः जे जाळतो ते: गॅस, डिझेल, संस्थेच्या बसचे इंधन. दुसऱ्यात विकत घेतलेली वीज. ती आपल्याकडे स्वच्छ तारेतून येते; पण तिचा कोळसा चंद्रपूरला किंवा कोराडीला जळालेला असतो. तिसऱ्यात बाकी सगळे: शिक्षकांच्या मोटारसायकली, विकत घेतलेले सिमेंट, कागद, बाहेर टाकलेला कचरा.

कुंपण ठरवणे हा कागदी सोपस्कार नाही. केरळातल्या कोची विमानतळाचे उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१५ मध्ये तेथे १२ मेगावॉटचे सौर केंद्र सुरू झाले आणि संपूर्ण सौर विजेवर चालणारा जगातला पहिला विमानतळ म्हणून त्याचे नाव झाले. २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्याचा गौरवही केला. काम खरोखरच मोठे. दिवसा जास्तीची वीज जाळ्यात सोडायची आणि रात्री लागेल तेवढी परत घ्यायची. जाळे म्हणजे जणू पतपेढी. परंतु त्या धावपट्टीवरून उडणारी विमाने जे इंधन जाळतात, ते विमानतळाच्या स्वतःच्या विजेच्या खात्यात येत नाही. यात लबाडी नाही. विमाने विमान कंपन्यांची आहेत. पण वाचणाऱ्याने कुंपण कोठे घातले आहे ते पाहिल्यावाचून "शून्य" या शब्दावर विश्वास टाकू नये.

आता एक कल्पित निवासी संस्था डोळ्यांसमोर आणू. २०० विद्यार्थी, २० कर्मचारी. वर्षाला ३०,००० युनिट वीज. आपल्या देशातल्या विजेच्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे झाले २१ टन. स्वयंपाकाला महिन्याला १९ किलोची २० सिलिंडरे, वर्षात दहा महिने. एक किलो गॅस जळला की जवळजवळ ३ किलो वायू होतो. (वजन वाढले कसे, असे मुले विचारतील. हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो म्हणून.) एका सिलिंडरमागे ५७ किलो, वर्षाचे ११.४ टन. जनरेटरला महिन्याला ६० लिटर डिझेल, लिटरमागे २.७ किलो, वर्षाचे सुमारे २ टन. संस्थेची बस रोज ८० किलोमीटर धावते, लिटरला ५ किलोमीटर देते, वर्षाला २२० दिवस. ते झाले ९.५ टन. आणि कर्मचारी रोज जाऊन-येऊन ३० किलोमीटर मोटारसायकल चालवतात, लिटरला ५० च्या हिशेबाने. पेट्रोलच्या लिटरमागे २.३ किलो धरले तर ६ टन. बेरीज जवळजवळ ५० टन.

हा आकडा समोर आला की दोन-तीन गोष्टी लगेच ध्यानात येतात. एक म्हणजे जनरेटर. त्याचा आवाज सगळ्यात मोठा, काळा धूर दिसतो म्हणून सगळ्यांचा राग त्याच्यावर. पण हिशेबात तो सगळ्यात लहान आहे. उलट, मुकाट्याने उभी असणारी बस भटारखान्याच्या पंगतीला जाऊन बसली आहे. डोळ्यांना दिसणारा धूर आणि वहीतला धूर यांचा मेळ असतोच असे नाही, म्हणून तर वही लागते.

दुसरी गोष्ट झाडांची. "हरित आवार" म्हटले की आपल्याकडे पहिला कार्यक्रम वृक्षारोपणाचा. मान्यवर येतात, रोपाला पाणी घालतात, छायाचित्र निघते, ते मूल्यांकन समितीच्या अहवालात चिकटते. पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यात दुसरे रोप लागते. झाडाविषयी मला प्रेम कमी नाही. पण चांगले वाढलेले एक झाड वर्षाला ढोबळमानाने वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड शोषते. जात, पाऊस आणि जमीन यांप्रमाणे यात पुष्कळ फरक पडतो. ५० टनांसाठी अशी अडीच हजार झाडे लागतील, तीही वाढलेली आणि जगलेली. रोपाची पहिली काही वर्षे तर खात्यात नावालाच धरायची. तेव्हा झाडे लावावीत ती सावलीसाठी, पश्चिमेच्या भिंतीवर पडणारे ऊन अडवण्यासाठी, पाखरांसाठी. वीजबिलाचे पाप त्यांच्या माथी मारू नये.

मग आधी काय करावे? माझ्या मते येथेच बहुतेक संस्था घाई करतात. सौर पत्र्यांचा विक्रेता दारात येतो, अनुदानाची भाषा करतो, आणि विजेचा आजचा वापर आहे तसा धरून पत्रे बसवले जातात. आपल्या कल्पित संस्थेचे ३०,००० युनिट जरा उघडून पाहू. १०० जुने पंखे, प्रत्येकी ७५ वॉट, दिवसाला १० तास, वर्षाला २५० दिवस: १८,७५० युनिट. १०० जुन्या ट्यूब, चोकसकट प्रत्येकी ५० वॉट, ५ तास: ६,२५० युनिट. उरलेले ५,००० पंप, संगणक वगैरेंचे. आता पंखे नव्या बनावटीचे, ३० वॉटचे, ज्यांच्या मोटारीला कार्बन ब्रश नसतात असे लावले, आणि ट्यूब २० वॉटच्या एलईडी घेतल्या. पंख्यांचे ११,२५० आणि ट्यूबचे ३,७५० युनिट वाचले. दोन्ही मिळून १५,०००, म्हणजे निम्मे बिल! वारा तेवढाच, उजेड तेवढाच.

महाराष्ट्रात १ किलोवॉटचे सौर पत्रे वर्षाला सुमारे १,४०० युनिट देतात आणि त्यांना सावली नसलेले सुमारे १०० चौरस फूट छप्पर लागते. पहिल्या हिशेबाने २१ किलोवॉटचे पत्रे लागले असते. पंखे बदलल्यावर ११ पुरतात. म्हणजे पंखे बदलणाऱ्याने दहा किलोवॉटच्या पत्र्यांचे पैसे वाचवले. जो आधी पत्रे बसवतो आणि मागाहून पंखे बदलतो, त्याने दोन्हीकडे खर्च केला. अडीच-तीन हजारांचा पंखा वर्षाला ११२ युनिट वाचवतो. युनिटला १० रुपये धरले, तर तीन वर्षांच्या आत तो स्वतःची किंमत फेडतो. सौर विजेची देवघेव जाळ्याशी करण्याचे नियम राज्याच्या वीज नियामक आयोगाने २०१५ साली पहिल्यांदा केले आणि मागाहून त्यांत बदल होत गेले. तेव्हा पत्रे घेण्यापूर्वी चालू नियम महावितरणच्या कचेरीतून समजून घ्यावेत, विक्रेत्याच्या तोंडून नव्हे.

हे आकडे शोधायला तज्ज्ञच बोलवावा असे नाही. आठवीच्या मुलांना मीटर वाचता येतो. एक युक्ती सांगतो. शनिवारी संध्याकाळी शाळा सुटल्यावर मीटरचा आकडा लिहून घ्या आणि सोमवारी सकाळी पुन्हा घ्या. मधल्या काळात आवारात कोणी नव्हते, तरी जेवढे युनिट पडले, ते कोणी खाल्ले? कोठे पाण्याच्या टाकीचा तरंगता गोळा अडकून पंप चालू राहिलेला असतो, कोठे प्रयोगशाळेतला जुना फ्रिज रिकाम्या पोटी गुरगुरत असतो, कोठे संगणकाच्या खोलीत सगळे पडदे काळे पण आतली यंत्रे जागी असतात. गळक्या नळाचे पाणी म्हणजेही पंपाने वर चढवलेली वीजच. गणिताच्या शिक्षकांना याहून चांगला शाब्दिक उदाहरणांचा साठा पुस्तकात मिळायचा नाही.

आंघोळीच्या पाण्याविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण येथे सुधारणेच्या नावाखाली घोटाळा होतो. आपल्या कल्पित वसतिगृहात अजून लाकडाचा बंब आहे. लाकूड हा वहीतला वादाचा विषय. तोडले तेवढे पुन्हा वाढवले तर त्याचा कार्बन डायऑक्साइड हिशेबात शून्य धरण्याची रीत आहे. पण तेवढे पुन्हा वाढते का, हे ज्याचे त्याने रानात जाऊन पाहावे. शिवाय काजळी, आणि बंबापाशी बसणाऱ्या माणसाचा खोकला, ही उरतातच. तेव्हा समिती ठराव करते की बंब काढून विजेचे गीझर बसवावेत. आता गणित करा. २० लिटरची बादली २५ अंशांनी तापवायला जवळजवळ ०.५८ युनिट लागते. २०० मुलांच्या २०० बादल्या म्हणजे रोज ११६ युनिट. संस्थेचा आजचा सगळा वापर सरासरीने रोज ८२ युनिट आहे! थंडीपावसाचे १५० दिवस धरले तरी १७,४०० युनिट, म्हणजे १२ टन नवा धूर, आणि पंख्यांत मिळवलेले सगळे न्हाणीघरात वाहून जाते. छपरावरचे सौर बंब हे काम ऊन पडेल त्या दिवशी फुकट करतात. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसांसाठी जुना बंब जोडीला राहू द्यावा. त्यात कमीपणा नाही.

ज्या जागेला जे निसर्गाने दिले आहे ते आधी वापरावे, हे तत्त्व मोठमोठ्या विद्यापीठांनीही पाळले आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाशेजारी कयूगा नावाचे खोल तलाव आहे. त्याच्या तळाचे थंडगार पाणी वापरून २००० सालापासून त्यांनी इमारती गार ठेवल्या आणि गारव्यासाठी लागणारी बहुतेक वीज वाचवली. आपल्याकडे असे तलाव कोठून आणणार? आपल्याकडे ऊन आहे. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयाच्या छपरावर २००९ साली सूर्याबरोबर फिरणाऱ्या ७३ अंतर्गोल तबकड्या बसवल्या गेल्या. त्यांच्यावर वाफ तयार करून त्या वाफेवर स्वयंपाक करण्याची ती योजना होती. लहान वसतिगृहाला एवढे झेपणार नाही. त्याने भटारखान्यात साध्या गोष्टी पाहाव्यात. हरभरा, राजमा रात्री भिजत घातला का? पातेल्यावर झाकण आहे का? डाळ मोठ्या कुकरात शिजते की उघड्या पातेल्यात तासभर रटरटते? शेगडीची ज्योत निळी आहे की पिवळी? आमच्या भागातल्या स्वयंपाकीण बायकांना हे सगळे ठाऊक असते. पण त्यांना भिजवायला मोठे भांडे नसते, आणि मागितले तर ते पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात जाते.

उष्ट्या अन्नाचा प्रश्नही येथेच येतो. भटारखान्यामागच्या खड्ड्यात ते कुजते तेव्हा मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या मापाने मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापदायक आहे. तोच मिथेन टाकीत धरला तर शेगडीत जळतो. गोबरगॅस आपल्याला नवा नाही. शेणाऐवजी खरकटे घालून चालणारे लहान संयंत्र पुण्याच्या 'आरती' या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी विकसित केले. पण अपेक्षा नेमक्या हव्यात. दिवसाला २० किलो खरकटे निघत असेल तर दोनेक घनमीटर वायू मिळेल, म्हणजे किलोभरापेक्षा थोडा कमी एलपीजी. महिन्याला जेमतेम दीड सिलिंडर, वीसपैकी. तेवढ्याने भटारखाना स्वयंपूर्ण होत नाही. खरा लाभ असा की खड्डा बंद होतो, माश्या जातात आणि बागेला खताचे पाणी मिळते. रोज सकाळी टाकीत खरकटे कोण घालणार, हे नावानिशी ठरलेले नसेल तर मात्र संयंत्र विकत घेऊ नये. बंद पडलेल्या टाक्या मी पुष्कळ आवारांत पाहिल्या आहेत. त्यांच्या पोटात बहुधा पावसाचे पाणी आणि डासांची पिलावळ असते.

इमारतींविषयी दोन शब्द. सिमेंट भाजताना चुनखडी फुटते आणि तिच्यात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एका किलो शुद्ध चुनखडीतून ४४० ग्रॅम. कोळसा जाळल्याचा धूर तो वेगळाच. म्हणून नवी इमारत हा धुराचा एकरकमी खर्च आहे, आणि आहे ती इमारत दुरुस्त करणे ही बचत. बांधणे भागच असेल तर तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राचे आवार पाहावे. लॉरी बेकर यांनी १९७० च्या दशकात ते बांधले. उघड्या विटांच्या भिंती, वारा आत घेणाऱ्या जाळ्या, उतार आणि झाडे आहेत तशी ठेवून वळवलेल्या इमारती. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी सोडण्याची त्यांची आवडती रचना सुमारे पाव हिस्सा विटा वाचवते, आणि ती पोकळी ऊनही अडवते. आपल्या पत्र्याच्या वर्गखोल्यांना एवढे भाग्य नाही. त्यांच्या पत्र्यावर उन्हाळ्याआधी पांढऱ्या चुन्याचा किंवा पांढऱ्या रंगाचा हात दिला तरी आतली काहिली कमी होते. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता पाचवीच्या वर्गात जी मुले बसतात, त्यांच्या दृष्टीने ही या सगळ्या योजनेतली पहिली बाब असायला हवी, आणि खर्चाच्या मानाने ती शेवटून पहिली आहे.

वातानुकूलन यंत्र बहुधा एकाच दालनात असते. कोणत्या, ते सांगायला नको. त्याच्या विजेपेक्षा त्यातल्या वायूकडे लक्ष असू द्यावे. आर-४१०ए नावाचा वायू एक किलो गळला, तर तो दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा ठरतो, म्हणजे आपल्या जनरेटरचे वर्षभराचे डिझेल. दर उन्हाळ्यात "गॅस भरून घेणे" हा जो विधी चालतो, त्याऐवजी गळती शोधून बंद करावी, आणि किती गॅस भरला ते बिलावर लिहून मागावे.

राहिले वाहतुकीचे. सगळ्यात अवघड हेच, कारण येथे यंत्र बदलून भागत नाही, माणसांच्या सोयी बदलाव्या लागतात. बसचा मार्ग नकाशावर पुन्हा आखला, अर्धी रिकामी फेरी रद्द केली, आणि ३० किलोमीटरवरून येणारे दोन शिक्षक एका मोटारसायकलवर आले, तर १५ टनांतले काही टन उतरतात. पण शाळेची वेळ एस.टी.च्या वेळेशी जुळत नसेल, तर शिक्षकाने मोटारसायकल काढू नये असे म्हणण्याचा अधिकार कोणाला? तेव्हा आगाराला पत्र लिहावे, सगळ्या गावांच्या सह्यांनिशी. ते या योजनेचाच भाग समजावे.

वही घालताना पहिले वर्ष नेहमीसारखे निवडावे. कोरोनाच्या २०२०-२१ सालाशी तुलना केली तर पुढचे प्रत्येक वर्ष वाईटच दिसेल. दर महिन्याला पाच आकडे पुरतात: युनिट, सिलिंडर, डिझेल, बसचे किलोमीटर, आणि भरलेला शीतक वायू. ते कचेरीत नव्हे, व्हरांड्यातल्या फळ्यावर लिहावेत. आणि पंखे बदलल्यावर बिलात जी बचत होईल, तिच्यासाठी खतावणीत स्वतंत्र खाते उघडावे. तसे न केले तर ते पैसे सर्वसाधारण खर्चात विरून जातात, आणि तिसऱ्या वर्षी सौर बंबांसाठी पुन्हा देणगीदाराच्या दारात उभे राहावे लागते. स्वतंत्र खाते असेल, तर पंख्यांच्या पैशातून बंब येतात, बंबांमुळे वाचलेल्या लाकडाच्या पैशातून भटारखान्याची मोठी भांडी येतात, आणि सौर पत्र्यांसाठी बँकेत जाताना हातात तीन वर्षांचे आकडे असतात.